ठोक्या आणि आवाज

"कॉम्प्युटर नवा आहे अक्का, आणि तुमचा प्रोग्राम जुना. दोघांचं जमत नाही," कॉम्प्युटर बसवायला आलेला कोळेकर म्हणाला. "काल दिवसभर बसलो होतो. शेवटी तर अख्खी मशीनच बसली."

"बसली म्हणजे?"

"सुरूच होईना. कशीबशी परत चालू केली, आवाज तेवढा अजून बसवायचाय."

अक्कांनी हातातला जाड कागद टेबलावर पालथा ठेवला. "मग आता?"

उत्तर दोशीशेठनी दिलं. श्रेणिक दोशी तेव्हा संस्थेचे नवे कार्यवाह होते. त्यांचा चादरींचा कारखाना होता आणि कुठलाही प्रश्न पाच मिनिटांपेक्षा जास्त पडून राहिलेला त्यांना खपत नसे. "आता दोन कॉम्प्युटर. नवा बोलतो, त्याच्यावर तुम्ही मजकूर टाइप करा. कोळेकर एक जुना देतायत, त्याच्यावर ठोक्या चालेल. तो जुना काही बोलणार नाही, तेवढी ताकद त्याच्यात नाही. त्याच्यापुढं एक डोळस ऑपरेटर बसवू. संपला प्रश्न."

"संपला," अक्का म्हणाल्या. "मीपण संपले."

"असं काय बोलता अक्का! तुमच्या नोकरीला कोण हात लावतंय?"

"नोकरीचं मी कुठं बोलले? मजकूर मी टाकायचा आणि पान कुठं तोडायचं, काय छापायचं, काय परत काढायचं ते दुसऱ्यानं ठरवायचं. मग मला टायपिस्ट म्हणा. छपाईप्रमुख म्हणू नका."

सोलापुरातल्या एका अंधशाळेच्या आवारात हा ब्रेल छापखाना होता. इंदुमती बिराजदार, म्हणजे अक्का, जन्मापासून दृष्टिहीन होत्या आणि छापखाना त्यांच्याच हाताखाली होता. ठोक्या म्हणजे जाड कागदावर ठिपके उठवणारं यंत्र. ते चालू असलं की शेजारच्या कारखान्यातले मागसुद्धा ऐकू येत नसत, म्हणून ते नाव. त्याला चालवणारा प्रोग्राम कित्येक वर्षांपूर्वीचा होता. बनवणारी कंपनी बंद पडली होती, त्यामुळे नवा मिळणार नव्हता. ज्या कॉम्प्युटरवर तो चालायचा, तो त्या उन्हाळ्यात जळाला. देणगीत नवा आला, त्याच्यावर पडद्यावरचं वाचून दाखवणारा छान मराठी आवाज होता, पण ठोक्याचा प्रोग्राम काही चालेना.

मी तिथं वाचक होते. ब्रेलमध्ये मुद्रितं तपासायची तर दोन माणसं लागतात. डोळस माणसानं मूळ पुस्तक मोठ्यानं वाचायचं आणि दृष्टिहीन माणसानं ब्रेलच्या पानावर बोट फिरवत ते पडताळायचं. एमेस्सी झाले होते, पुढच्या प्रवेशाची वाट बघत होते, तोवर हे काम घेतलं. पहिल्याच दिवशी अक्कांनी नियम सांगितला होता : वाचकानं सांगितलं तेवढंच वाचायचं. चूक शोधायची नाही, सुचवायची नाही, पानावर बोट ठेवायचं नाही. चूक बोटाला लागली पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी बोट आळशी होतं.

त्या दिवशी मात्र मी न विचारता बोलले. "कोळेकर, काल तुम्ही नक्की काय केलंत?"

"काय म्हणजे? जुना प्रोग्राम एकेक लायब्ररी मागत होता. नाव घेऊन सांगतो ना तो, अमुक लायब्ररी सापडत नाही म्हणून. मी जुन्या डिस्कवरून काढून नव्यावर टाकत गेलो."

"नव्यावर त्या नावाची आधीच असेल तर?"

"तर विचारतो, जुनी बदलू का. हो म्हणायचं."

"आणि मग मशीन बसली."

"मग बसली," कोळेकर हसून म्हणाला. माणूस दिलदार होता.

"लायब्ररी?" दोशीशेठ म्हणाले. "कॉम्प्युटरमध्ये पुस्तकं असतात काय?"

"पुस्तकं नाहीत, पण वाटून घ्यायची वस्तू आहे खरी," मी म्हटलं. "प्रत्येक प्रोग्राम सगळं स्वतः करत बसत नाही. आवाज काढणं, अक्षर काढणं, फाइल उघडणं ही कामं सगळ्यांनाच लागतात, म्हणून ती एकेका लायब्ररीत एकदाच लिहून ठेवलेली असतात. ज्याला लागेल तो तिथून घेतो. हा कॉम्प्युटर चौसष्ट बिटांचा आहे, याच्या लायब्ऱ्याही चौसष्टच्या. ठोक्याचा प्रोग्राम बत्तीसचा, त्याला बत्तीसच्याच लागतात. नावं दोन्हीकडं तीच, आतली घडण वेगळी. कोळेकरांनी बत्तीसची आणून चौसष्टच्या जागी ठेवली. ठोक्याचं भागलं असेल, पण बाकी सगळे उपाशी."

"मग कोळेकर सांगतायत ते बरोबरच आहे की," दोशीशेठ म्हणाले. " जमत नाही."

"जमतं. दोघींना दोन कप्पे करायचे. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक जुना प्रोग्राम असाच चालायचा, ती मांडणी मीच केली होती."

दोशीशेठनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुम्ही वाचक ना?"

"एमेस्सी फिजिक्स आहे."

"मग वाचक कशाला झालात?"

"ती बरं वाचते म्हणून," अक्का म्हणाल्या. "शेठ, पोरीला करू द्या. तुमचं काय जातंय?"

दोशीशेठ हट्टी होते, पण अन्याय करणारे नव्हते. थोडा विचार करून त्यांनी अट घातली. शनिवारी कार्यकारी मंडळाची माणसं छापखान्यात येणार होती. त्यांच्यासमोर अक्कांनी कॉम्प्युटर चालू करायचा, ठोक्यावर एक पान काढायचं, आणि सगळं एकटीनं. "शेजारी उभं राहून कुणी सांगायचं नाही. तसं सांगावं लागलं, तर तो शेजारचा माणूस म्हणजेच डोळस ऑपरेटर झाला. मग पगार देऊन नीट एक ठेवलेला काय वाईट?"

यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. अक्कांनी मान हलवली. "मान्य."

दोघं गेल्यावर मी नव्या कॉम्प्युटरसमोरची खुर्ची ओढली. मागून आवाज आला, "कोण बसलंय तिथं?"

"मी."

"ऊठ. खुर्चीवर मी. तू मागं."

"अक्का, आधी मी करते, मग तुम्हाला दाखवते."

"दाखवतेस? कुणाला?" त्या हसल्या. "तू सांगायचं, मी बडवायचं. मोडलं तरी माझ्या हातानं मोडू दे. दुरुस्त कसं करायचं ते तरी कळेल."

तो आठवडा तसाच गेला. मी मागं स्टुलावर बसून पडदा वाचायची, अक्का टाइप करायच्या. त्यांची बोटं माझ्यापेक्षा जलद होती आणि एकदा सांगितलेली आज्ञा त्या पुन्हा विचारत नसत. आधी कोळेकरनं पालथं घातलेलं सरळ केलं. आवाज परत आला, तसं माझं वाचणं निम्म्यानं कमी झालं. मग कप्पे केले.

"हा चौसष्टचा, हा बत्तीसचा," मी म्हटलं. "प्रोग्राम सुरू होताना त्याला लागणाऱ्या लायब्ऱ्या आणून देणारा एक असतो. प्रोग्राम कुठल्या घडणीचा आहे हे त्याच्या सुरुवातीच्याच काही बाइट्समध्ये लिहिलेलं असतं. ते बघून हा बरोबर त्याच्या कप्प्याकडं जातो. दुसऱ्या कप्प्यात त्याच नावाची लायब्ररी असली तरी तो तिकडं बघत नाही."

"आणि समजा चुकून दुसऱ्या कप्प्यातली दिली?"

"घेत नाही. वाचताच येत नाही त्याला."

अक्कांची बोटं की-बोर्डावर थांबली. "क चे ठिपके माहितायत तुला?"

"एक आणि तीन."

"मराठीच्या पुस्तकात ते क. इंग्रजीच्या आखूड ब्रेलमध्ये तेच ठिपके एकटे आले की अख्खा नॉलेज हा शब्द. ठिपके तेच, वाचणारा वेगळा. मराठीच्या पुस्तकात इंग्रजीचं एक पान शिवलं गेलं तर पोरगं म्हणतंय, अक्का, हे काय लिहिलंय? पान काही खोटं नसतंय. चुकीच्या पुस्तकात असतंय."

"अगदी तेच."

"मग हे आधी सांगायचं की. बत्तीस-चौसष्ट काय लावलंयस?"

गुरुवारी ठोक्या चालला. पहिल्यांदा एक लायब्ररी कमी पडली, मग दुसरी, मग तिसरी. जुना प्रोग्राम पान संपलं की घंटी वाजवायचा, त्यासाठी त्याला ध्वनीची लायब्ररीसुद्धा बत्तीसची हवी होती. तीही आणली. मग अक्कांनी आज्ञा दिली आणि यंत्र एकदम खडाडलं. कागद सरकत बाहेर आला, घंटी वाजली, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं मराठी आवाज म्हणाला, "काम पूर्ण झाले." एका कॉम्प्युटरवर दोन घडणींचे प्रोग्राम, एकमेकांच्या पायात न येता. अक्कांनी पान गालाला लावलं. नव्या पानाचे ठिपके धारदार उठलेत की नाही, हे त्या गालानंच बघायच्या.

"कोळेकरनं इकडंतिकडं टाकलेल्या जुन्या प्रती अजून पडल्यात," मी निघताना म्हटलं. शुक्रवारी माझी पुण्याला मुलाखत होती. "त्यांचा त्रास काही नाही. सवडीनं काढू."

सवडीनं हा शब्द अक्कांना आवडत नसे, हे मला ठाऊक असायला हवं होतं. छापखान्याची शिस्तच वेगळी होती. एखादं पान दुरुस्त होऊन पुन्हा निघालं की जुनं पान त्याच क्षणी टराटरा फाडलं जायचं, मग पाहुणे समोर असोत की शाळेची घंटा होवो. कारण दोन्ही पानांवर तेच नाव, तोच क्रमांक. शाईच्या पानावर डोळस माणूस कोपऱ्यात खूण करून ठेवेल. इथं बोटाला दोन्ही सारखीच लागायची. मी येण्याआधी एकदा भूगोलाच्या पुस्तकात चुकीचं पान शिवलं गेलं होतं, तेव्हापासून नियम पक्का झाला. एका नावाचं एकच. नवं ठेवायचं, जुनं फाडायचं.

शनिवारी सकाळी दोशीशेठ आले. बरोबर मंडळाचे दोघे : आडकेबाई, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि एक वकील. वकील सारखे घड्याळाकडं बघत होते. अक्का इस्त्रीची साडी नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून बसल्या होत्या. मी त्यांच्या मागं उभी राहिले.

"करायचं सुरू?" दोशीशेठनी विचारलं.

"करू की."

अक्कांनी बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. पडद्यावर चिन्हं आली आणि गेली. आता आवाज यायचा, "लॉगिन, नाव लिहा." आम्ही सगळे वाट बघत राहिलो.

आवाज आला नाही.

अक्कांनी मान किंचित तिरकी केली. पुन्हा थोडं थांबल्या. मग त्यांचा हात स्पीकरकडं गेला, तारा चाचपल्या, बटण फिरवलं.

"काल चालू होतं?" दोशीशेठ म्हणाले.

"संध्याकाळी बंद करेपर्यंत बडबडत होतं."

"मग रात्रीत काय झालं?"

पडद्यावर काय झालं ते लिहिलेलं होतं. काळ्या पट्टीवर एक इंग्रजी ओळ होती आणि मागं उभ्या उभ्या ती मी वाचली होती. आवाजाचा प्रोग्राम सुरू होऊ शकला नव्हता, कारण एक लायब्ररी उघडता येत नव्हती. कुठली, तेही त्यात होतं. मी दोन वाक्यं बोलले असते तर सगळं सरळ झालं असतं. मी तोंड उघडलंही असेल, कारण अक्कांनी मागं न वळता विचारलं, "मैथिली, कुठं आहेस तू?"

"तुमच्या मागं."

"दारापाशी जा."

"अक्का, पण तिथं..."

"दाराच्या बाहेर जा."

मी उंबऱ्याबाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तिथूनही पडदा दिसत होता. ओळ वाचता येत नव्हती, पण ती आता मला पाठ होती.

दोशीशेठ पुढं वाकले. "अक्का, इथं काहीतरी आलंय बघा. कॅनॉट ओपन..."

"शेठ!" अक्कांनी हात वर केला. "अट तुम्हीच घातली, तुम्हीच मोडालात काय?"

आडकेबाईंना हसू आलं. दोशीशेठ मागं सरकले. "बरं बाई. नाही वाचत. पण तुम्ही करणार काय? आवाज नाही म्हणजे तुम्हाला काहीच कळणार नाही."

"मलाही तेच बघायचंय," अक्का म्हणाल्या.

त्यांनी तीन कळा एकत्र दाबल्या. चित्रांचा पडदा जाऊन नुसत्या अक्षरांचा काळा पडदा आला. तो आला हे त्यांना कळायची काही सोय नव्हती, यावा असं त्यांनी धरलं होतं. नाव टाइप केलं. परवलीचा शब्द टाइप केला. मग एक छोटी आज्ञा, आणि तिचं उत्तर पडद्यावर न दाखवता ठोक्याकडं पाठव अशी सूचना. शेवटची कळ दाबून त्या हात मांडीवर घेऊन बसल्या.

ठोक्या खडाडला.

वकील दचकून खुर्चीवरून अर्धे उठले. यंत्रानं एक ओळ उठवली, कागद सरकवला आणि टिंग करून घंटी वाजवली. अक्कांनी कागद ओढला. बोट एका झटक्यात ओळीवरून गेलं. "तारीख विचारली होती. बरोबर सांगितली." मग त्या स्तब्ध झाल्या. मला वाटलं, काही चुकलं. पण त्या ऐकत होत्या, संपून गेलेला आवाज मनात पुन्हा ऐकावा तशा.

"घंटी वाजली," त्या म्हणाल्या.

"मग? ती वाजतेच ना?" दोशीशेठ.

"वाजली म्हणजे स्पीकर धड आहे. तार धड आहे. ठोक्याला आवाज काढता येतोय, आणि ज्याचं कामच आवाज काढणं, तो गप्प. म्हणजे बिघाड चौसष्टच्या कप्प्यात आहे शेठ, बत्तीसच्या नाही."

"कसला कप्पा?"

"सांगते. आधी सापडू द्या."

आता त्या भराभर टाइप करू लागल्या. आवाजाचा प्रोग्राम काय कुरकुर करतोय ते लिहून दे, असं कॉम्प्युटरला सांगितलं. ठोक्यानं तीच ओळ उठवली, जी मी वाचली होती. अक्कांनी ती बोटानं वाचली आणि हुंकार दिला. मग दोन्ही कप्प्यांतल्या ध्वनीसंबंधी लायब्ऱ्यांची नावं मागवली, दोन वेगळ्या पानांवर. दोन पानं निघाली, दोन घंट्या वाजल्या. आडकेबाई खुर्ची पुढं ओढून बसल्या होत्या. वकिलांचं घड्याळ बाहीखाली गेलं होतं.

अक्कांनी बत्तीसचं पान डावीकडं ठेवलं, चौसष्टचं उजवीकडं, आणि दोन्ही हातांची बोटं एकाच वेळी खाली सरकवायला सुरुवात केली. दोन हातांनी दोन पानं वाचणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. डावं बोट चाललं की उजवं चाले, डावं थांबलं की उजवं थांबे. एका ठिकाणी उजवं थांबलं आणि डावं पुढं निघून गेलं. डावं परत आलं. पुन्हा गेलं. परत आलं.

"हां," त्या म्हणाल्या. आणि मग एकदम खळखळून हसल्या. गजऱ्यातली दोन फुलं खाली पडली.

"काय झालं अक्का?" आडकेबाईंनी विचारलं.

"बाई, मीच फाडली की हो ती."

"काय फाडलीत?"

"काल दुपारी कोळेकरनं टाकलेल्या जुन्या प्रती काढत बसले होते. शोधलं, तर आवाज नुसती नावं सांगतो, कुठल्या कप्प्यातली ते सांगत नाही. एकच नाव दोनदा ऐकू आलं. आमच्याकडं एका नावाच्या दोन गोष्टी ठेवत नाहीत. तारखा ऐकल्या. नवी ठेवली, जुनी उडवली. नवी होती ती ठोक्याची, परवाच टाकलेली. जुनी होती ती याची." त्यांनी कॉम्प्युटरवर टिचकी मारली.

"पण तुम्ही तर म्हणालात, संध्याकाळपर्यंत बोलत होता," वकील पहिल्यांदाच बोलले.

हे अक्कांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. एकदा उघडलेली लायब्ररी प्रोग्राम बंद होईपर्यंत त्याच्या हातात राहते, डिस्कवरून नाव पुसलं गेलं तरी. मी उंबऱ्याबाहेर जीभ दाताखाली धरून उभी होते.

"वाचक पुस्तक हातात घेऊन बसलाय," अक्का सावकाश म्हणाल्या, "आणि इकडं कपाटातून त्या पुस्तकाची जागा काढून टाकली. तो काही थांबत नाही, वाचतच राहतो. पुस्तक मिटून दुसऱ्या दिवशी परत मागायला गेला की मग सापडत नाही. असंच असणार."

"असणार, की आहे?"

"आहे की नाही ते वाचकाला विचारा. माझं काम झाल्यावर."

दोशीशेठ उठून उभे राहिले होते. ते खिडकीपर्यंत गेले, परत आले. "अक्का, राग मानू नका. पण बिघडवलं तुम्हीच. डोळस माणसाला पडद्यावर दोन कप्पे दिसले असते, त्यानं पुसलं नसतं."

"पुसलं नसतं," अक्का म्हणाल्या. "कोळेकर डोळस आहे. त्यानं काय केलं? विचारलं, बदलू का, तर हो म्हणाला. अख्खी मशीन बसली. माझा एक आवाजच गेला. आता थांबा दोन मिनिटं."

चौसष्टची लायब्ररी ज्या संचातून आली होती, तो संच कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलेला होता. पहिल्या दिवशी मीच त्यांच्याकडून ते करून घेतलं होतं. त्यातून ती पुन्हा मांडायची आज्ञा लांबलचक होती. एक अक्षर चुकलं तर काम होणार नव्हतं, आणि चुकलं हे सांगणाराही कुणी नव्हता. अक्कांनी ती सावकाश टाइप केली. मध्ये एकदा थांबल्या, बोटांनीच कळा मोजल्यासारखं केलं, पुढं गेल्या. उत्तर ठोक्याकडं पाठवायला सांगितलं होतं. ठोक्या बराच वेळ काही बोलला नाही. शेजारच्या मागांचा खटखटाट तेवढा ऐकू येत होता. मग तो खडाडला, तीन-चार ओळी एका दमात. अक्कांनी वाचलं. "मांडली म्हणतोय. बघू."

त्यांनी आवाज पुन्हा सुरू करायची आज्ञा दिली.

"लॉगिन," आवाज म्हणाला. "नाव लिहा."

आडकेबाईंनी टाळीच वाजवली. अक्कांनी नाव लिहिलं, आत गेल्या, आणि जसं काही सकाळपासून काहीच घडलं नव्हतं अशा तऱ्हेनं दहावीच्या विज्ञानाचं एक पान ठोक्यावर काढलं. पान दोशीशेठच्या हातात दिलं. "हे घ्या. अटीप्रमाणं."

दोशीशेठ पान हातात धरून उंबऱ्यापाशी आले. "मॅडम, तुम्हाला मघाशी पडद्यावर दिसत होतं ना काय झालंय ते?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"आणि ते वाचक पुस्तक हातात घेऊन बसलाय म्हणाल्या, ते?"

"बरोबर आहे. अगदी तसंच असतं."

"मग एवढा वेळ बोलला का नाहीत?"

"तिला वाच म्हणून कुणी सांगितलं होतं?" अक्का आतून म्हणाल्या.

दोशीशेठ हसले. मग त्यांचा तो पाच मिनिटांत निकाल लावायचा स्वभाव परत आला. "ठीक. डोळस ऑपरेटरची जाहिरात सोमवारच्या पेपरला द्यायला सांगितली होती. आत्ताच फोन करून थांबवतो."

"थांबवू नका," अक्का म्हणाल्या.

"म्हणजे?"

"माणूस लागणारच आहे की. मी शेवटची रजा कधी घेतली, सांगा बघू? मला ताप आला तर ठोक्या कोण चालवणार? जाहिरात द्या. डोळस तेवढं काढा, दृष्टिहीन लिहा. आणि पगार तोच ठेवा, तुम्ही डोळसाला देणार होता तो."

वकिलांनी दोशीशेठकडं बघितलं. दोशीशेठनी पानाकडं बघितलं, ते हातात उलटं होतं, पण ते त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. "पगार तोच," ते म्हणाले आणि फोन काढला.

जूनमध्ये राजेश्वरी बोल्ली नावाची मुलगी रुजू झाली. बारावी झालेली, बडबडी, आणि कॉम्प्युटर आपल्याला येतो याबद्दल तिला जराही शंका नव्हती. माझे तिथले शेवटचे दिवस होते, पुण्याचा प्रवेश झाला होता. पहिल्या सकाळी अक्कांनी तिला खुर्चीवर बसवलं, स्वतः मागच्या स्टुलावर बसल्या, हात लांबवून स्पीकरची तार काढली आणि म्हणाल्या, "हं. आता चालू करून दाखव."